कोंडिर नावाची जागा

सोमवारी सकाळी नदी कोरडी पडली. पडद्यावर पडली, पण तरी पडलीच. वरच्या धरणाचे सगळे दरवाजे उघडलेत असे आकडे मी स्वतः भरले होते, आणि खाली एकेका गावापुढे पाण्याची पातळी शून्य, शून्य, शून्य अशी ओळीनं उतरत गेली होती. प्रोग्रामनं कसलीही तक्रार केली नव्हती. नेहमीसारखं 'काम पूर्ण' असं लिहून तो मोकळा झाला होता. मला त्या शून्यांपेक्षा त्या 'काम पूर्ण'ची जास्त भीती वाटली. एखादी गोष्ट मोडली आणि तिनं आवाज केला, तर बरं असतं. माणूस धावत तरी जातो. खिडकीतून स्वारगेटचा चौक दिसत होता, ऑगस्टातला चिकट पाऊस, बसच्या टपांवर साचलेलं पाणी, आणि इथे माझ्यासमोर ठणठणीत कोरडी नदी. आमच्या कार्यालयाचं काम एवढंच, की धरणातून किती पाणी सोडलं तर खाली कुठे किती चढेल याचा हिशेब करायचा. तो हिशेब करणारा प्रोग्राम फोर्ट्रान या जुन्या संगणकभाषेतला आहे, माझ्याबरोबर काम करणाऱ्या राजसच्या जन्माआधीचा. दर काही वर्षांनी कुणीतरी शहाणा येऊन तो फेकून द्या म्हणतो, आणि मग त्या शहाण्याची बदली होते आणि प्रोग्राम राहतो. निवृत्तीपर्यंत तो मीच सांभाळणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं आहे. मीही धरलं आहे.

त्या महिन्यात नवं यंत्र आलं होतं आणि त्याच्यासोबत नवा कंपायलर. कंपायलर म्हणजे दुभाषी. आपण लिहायचं आपल्या पद्धतीनं, त्यानं ते यंत्राला कळेल असं करून सांगायचं. त्याला आधी काही सूचना द्याव्या लागतात, हे असं घे, ते तसं घेऊ नकोस, इथे स्वतःचं डोकं चालव, तिथे चालवू नकोस. या सूचनांना आम्ही फ्लॅग म्हणतो. जुन्या प्रोग्रामचे अर्धे आजार या फ्लॅगांमध्ये असतात. मी एकेक फ्लॅग काढून बघत होते, घालून बघत होते. वेग वाढवणारा काढला, नदी कोरडी. प्रत्येक आकडा तपासायला लावणारा घातला, नदी कोरडी. राजस खुर्ची ओढून शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "मॅम, पण माझ्या लॅपटॉपवर परफेक्ट रन होतंय." हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे, की एखाद्याच्या समाधीवर कोरून ठेवावं. मी त्याला म्हटलं, मग पूर आला की लोकांना तुझ्या लॅपटॉपवर राहायला पाठवू. तो हसला. मुलगा चांगला आहे, मनाला लावून घेत नाही.

पण माझं लक्ष नव्हतं. महिनाभर नव्हतंच. घरी काहीतरी बिनसलं होतं आणि तेही असंच, आवाज न करता. डबा भरलेला असायचा, कपडे वाळलेले असायचे, माझा नवरा सुखदेव वेळेवर यायचा, मुलगी अक्षता तिच्या खोलीत दार लावून कामाच्या मीटिंगा करायची. सगळं काम पूर्ण. आणि तरी संध्याकाळी येरवड्याच्या त्या तीन जिने चढायच्या घरात शिरताना मी दाराशी किल्ली हातात धरून थांबायची. भाऊजींना जाऊन महिना झाला होता. जाऊन म्हणजे आळंदी रस्त्याच्या पुढे जे वृद्धाश्रम आहे तिथे जाऊन. माझे मोठे दीर, कोंडीराम. लग्न न केलेले, स्वारगेटच्या डेपोत बसची इंजिनं खोलण्यात आयुष्य काढलेले, आणि निवृत्तीनंतर स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या दारात घडीची खुर्ची टाकून बसलेले. ते काही करत नसत. खरंच काही करत नसत. लसूण सोलत, पेपरातले अपघात मोठ्यानं वाचत, येणाऱ्याजाणाऱ्याला पाय जवळ घेऊन वाट देत. त्यांचे गुडघे गेले होते, इमारतीला लिफ्ट नव्हती. अक्षताला घरून काम करायचं तर दार लावता येईल अशी खोली हवी होती. आश्रमात तळमजला होता, डॉक्टर होता. एकेक कारण असं चोख होतं की बोट ठेवायला जागा नाही. आम्ही चौघं जेवायला बसून बोललो, कुणीच नाही म्हणालं नाही. आषाढी पौर्णिमेला विहारात वंदना झाली, आणि दुसऱ्या दिवशी ते पिशवी घेऊन जिना उतरले. "भंते एका जागी बसतात ना तीन महिने," ते म्हणाले, "तसा मी वर्षावासाला चाललो समजा." आम्ही सगळे हसलो. कुणी हसलं नसतं तर बरं झालं असतं.

दुपारी मला सुचलं, ते सकाळीच सुचायला हवं होतं. प्रोग्राम जिथून तयार होतो त्या सूचनांच्या पहिल्याच ओळीत एक फ्लॅग होता, सगळे इशारे बंद करणारा. कुणी कधी घातला ते माहीत नाही. जुना प्रोग्राम म्हटला की दुभाषी फार कुरकुरतो. ही पद्धत आता चालत नाही, हे नाव वापरलेलंच नाही, असे शेकडो इशारे येतात आणि कामाचं काही सापडत नाही. म्हणून कुणीतरी त्याचं तोंड बंद करून ठेवलं होतं. मी तो फ्लॅग काढला. पडदाभर इशारे कोसळले. त्यातून खाली खाली जात मी एका ओळीशी थांबले. इंग्रजीत होती. मराठीत सांगायचं तर अशी, की या वस्तूची जागा तिच्या जातीशी जुळत नाही. मला हसू आलं. आमच्या घराण्याला हे वाक्य काही नवीन नव्हतं. माझ्या आजेसासऱ्यांनी छप्पन साली ते ऐकणं कायमचं सोडून दिलं होतं. राजसला माझ्या हसण्याचा अर्थ कळला नाही आणि मी सांगितला नाही.

इशारा बरोबर होता. या प्रोग्रामच्या वेगवेगळ्या फायलींची एक सामाईक जागा असते. पंगत समजा. पानं मांडलेली आहेत, पण पानांवर नावं नाहीत, फक्त क्रम आहे. प्रत्येक फाइलकडे आपापली यादी असते, पहिल्या पानावर अमुक, दुसऱ्यावर तमुक. सगळ्या याद्या सारख्या असल्या की ठीक. मोठा आकडा बसायला आठ घरं लागतात, लहान आकड्याला चार. आमच्या पंगतीत सगळ्यात पुढे एक लहान आकडा होता आणि त्याच्यामागे मोठ्या आकड्यांची लांबलचक रांग, नदीच्या पाण्याची. लहान आकड्यानं चारच घरं घेतली, की मागचे सगळे मोठे आकडे अर्ध्यावरून सुरू होणार. म्हणून त्या दोघांच्या मधे आणखी एक लहान आकडा बसवून ठेवलेला असतो. त्यात काही नसतं, त्याला कुणी वाचत नाही. त्यानं फक्त चार घरं अडवून बसायचं, म्हणजे पुढचा आणि मागचा आपापल्या जागी नीट बसतात. एका फाइलमधून तो गेला होता. ती फाइल आता प्रत्येक आकडा वाचताना एकाचं अर्धं आणि दुसऱ्याचं अर्धं असं जोडून वाचत होती, आणि दोन भरल्या अर्ध्यांतून शून्य निघत होतं.

"तो व्हेरिएबल मीच काढला, मॅम," राजस म्हणाला. "कुठेच यूज होत नव्हता. क्लीनअप केलं." त्याच्या लॅपटॉपवरचा दुभाषी सुशिक्षित होता. पोकळी दिसली की गुपचूप स्वतःच भरून टाकायचा. आमच्या कार्यालयात मात्र जुन्या फायलींसाठी एक फ्लॅग होता, की मधे स्वतःच्या मनानं काही भरू नकोस, लिहिलंय तसंच ठेव. तो काढला असता तर इथे भागलं असतं आणि दुसऱ्या दहा ठिकाणी बिघडलं असतं. मी राजसला हे समजावून सांगत होते, आणि सांगता सांगता त्यानं काढलेली ओळ पाहिली आणि थांबले. "आणि नाव पण वियर्ड होतं," तो म्हणाला, "कोंडिर. ये क्या है, मॅम?"

ते नाव मी ठेवलं होतं. लग्न नवीन होतं, नोकरी नवीन होती. तेव्हाही एक यंत्र जाऊन दुसरं आलं होतं आणि हाच घोळ झाला होता, आणि वरिष्ठांनी सांगितलं की मधे एक भरतीचा आकडा घाल, नाव काहीही ठेव. फोर्ट्रानमध्ये तेव्हा सहा इंग्रजी अक्षरांपलीकडे नाव चालत नसे. कोंडीराम बसेना, रामाचा नुसता र राहिला, उरला कोंडिर. संध्याकाळी घरी जाऊन मी भाऊजींना सांगितलं, तुमचं नाव मी कामावर लावलंय. ते डेपोतून आले होते, हात रॉकेलनं धूत होते. मी काय काम करतो तिथे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काहीच नाही, नुसतं बसायचं. "मग बरोबर माणूस नेमलास," ते म्हणाले आणि हसले. त्या हसण्याची मला इतक्या वर्षांनी त्या पडद्यासमोर आठवण झाली. मी राजसला म्हटलं, पाणी आण. तो गेल्यावर मी ती ओळ परत लिहिली, आणि तिच्यावर एक टीप लिहिली, हा काढू नये. प्रोग्राम पुन्हा चालवला. नदी भरली. गावागावांपुढे पाणी चढत गेलं. राजस पाणी घेऊन आला, पडद्याकडे बघून म्हणाला, म्हणजे तो काहीच करत नाही, फक्त बसतो? मी हो म्हटलं. आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

कारण मला आमच्या घरातली चूक आता बोट ठेवून दाखवता येत होती. मी आणि सुखदेव एकमेकांशी बोलत नाही. भांडलेलो नाही. कधीतरी, अक्षता शाळेत असताना, आम्ही थेट बोलणं सोडलं आणि भाऊजींमार्फत बोलायला लागलो. ते दारात बसलेले असत, मी आत, तो बाहेर, मधे चार हातांचं अंतर. भाऊजी, त्यांना विचारा आता जेवणार का. दादा, तिला सांग भूक नाही. आणि ते सांगत. पाहुण्यांना गंमत वाटे, आम्हालाही सुरुवातीला वाटायची. पुढे ती सवय झाली, आणि सवयीवर एक अख्खा संसार उभा राहिला. ते गेल्यापासून आम्ही अक्षताच्या फोनवर निरोप टाकतो, नाहीतर टाकत नाही. महिन्यात आम्ही दोघं एकमेकांकडे तोंड करून एकही वाक्य पूर्ण बोललो नव्हतो. आणखी असेच महिने गेले तर या घरात मी आणि तो दोन भाडेकरू उरणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. आज भाऊजींना घेऊनच यायचं. अक्षताला खोली हवी असेल तर मी माझी देईन. मंडईत उतरून मी त्यांच्यासाठी ओल्या शेंगा घेतल्या, आणि पिशवी मांडीवर धरून बसमध्ये बसले तेव्हा मला किती दिवसांनी हलकं वाटत होतं.

बसमध्ये मला बंगळूर आठवलं. हे मला मधूनमधून आठवतं आणि दर वेळी बरं वाटतं. अक्षता तिसरीत होती तेव्हा मला तिथे मोठी नोकरी आली होती. विमानांचे प्रोग्राम होते, फोर्ट्रानमध्येच. मी जायचं जवळजवळ ठरवलं होतं. सुखदेव चार दिवस गप्प होता. मी भाऊजींना म्हटलं, विचारा त्यांना, जाऊ का. ते उठून बाहेर गेले, बऱ्याच वेळानं आत आले, ओट्याला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "तो म्हणतो, जाऊ नको. त्याला स्वतःला सांगता येत नाही." मी गेले नाही. नोकरी सोडल्याचं दुःख मी पुष्कळ केलं, वर्षानुवर्षं केलं, पण त्याच्या खाली ते वाक्य होतं. जाऊ नको. माणूस तोंडानं बोलत नाही पण त्याला आपण हवे आहोत. सुखदेव माझ्याकडे न बघता पेपर वाचायचा, वाढदिवस विसरायचा, माझ्या तापाची चौकशी दादाकडे करायचा, तेव्हा मी ते वाक्य काढून बघायची. त्या वाक्यावर माझा इतका भार होता हे मला त्या बसमध्येही नीटसं कळलेलं नव्हतं.

भाऊजी व्हरांड्यात बाकावर बसले होते. वाळले होते, दाढी वाढली होती. मला पाहून त्यांना आनंद झाला, तो त्यांनी लपवला नाही. शेंगा सोलत आम्ही बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो, अक्षताचं, गुडघ्यांचं, इथल्या पातळ आमटीचं. मी त्यांना नदीची गोष्ट सांगितली. कोंडिर काढला आणि सगळं कोलमडलं. ते शेंगेची टरफलं मुठीत धरून हसले. मग मी म्हटलं, भाऊजी, घरी चला. वर्षावासात जागा सोडत नाहीत, असं काहीतरी ते पुटपुटले. मी म्हटलं, मग वर्षावास संपल्यावर. आश्विन पौर्णिमेला मी स्वतः न्यायला येते. ते म्हणाले नको. मी विचारलं का. खोलीचं असेल तर तुम्ही काळजी करू नका, मी बघते. तेव्हा त्यांनी टरफलं बाकावर ठेवली आणि अंगणातल्या पाण्याच्या डबक्याकडे बघत सांगितलं.

"खोलीचं नाही गं. मला खोटं बोलायचा कंटाळा आलाय."

मला आधी कळलं नाही. मग कळायला लागलं, आणि त्यांनी थांबावं असं वाटत असताना ते बोलत राहिले, हळू, समजुतीनं, मला काही लागू नये अशा बेतानं. सुखदेव म्हणे, तिला सांग, गप्प बस. ते मला सांगत, त्याचं डोकं दुखतंय, जरा वेळ थांब. मी म्हणे, मेले तरी विचारायचं नाही यांना काही. ते त्याला सांगत, ती दमलीय, तूच विचार. दोघांनाही त्यांनी कधी मूळचं वाक्य दिलं नव्हतं. डेपोत दोन लोखंडं एकमेकांवर घासू नयेत म्हणून मधे वायसर घालतात, तसं पहिल्यांदा सहज केलं, ते म्हणाले, मग रोजचंच झालं. झोपताना उद्या काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करायची. आता वय झालं. पाठ राहत नाही कुणाला काय सांगितलं ते. मी कोंडिर या जागेत काही नसतं असं राजसला सांगून आले होते. प्रोग्रामच्या बाबतीत ते खरं आहे. मी शेवटी विचारलंच. न विचारता उठून आले असते तर त्यांनी मला परत बोलावून काही सांगितलं नसतं, हे मला माहीत होतं. तरी विचारलं.

"बंगळूरच्या वेळी ते काय म्हणाले होते?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते आत्ताही काहीतरी बनवू शकले असते. त्यांच्या चेहऱ्यावर ते बनताना मला दिसलंही, आणि मग विरघळताना दिसलं.

"जाऊ दे म्हणाला," ते म्हणाले. "घर शांत राहील, म्हणाला. मी दोन तास खाली पारावर बसलो होतो, नम्रता. मग वर आलो."

मी त्यांच्यावर चिडले नाही. चिडायला हवं होतं. त्यांनी माझं अख्खं आयुष्य एका वाक्यावर तोलून धरलं होतं आणि ते वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. घर मोडू नये म्हणून त्यांनी ते केलं की मी जाऊ नये म्हणून, हे मी विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर ऐकायची माझी ताकद उरली नव्हती. उरलेल्या शेंगा त्यांच्या खोलीतल्या स्टीलच्या डब्यात भरून ठेवल्या. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. जिने सांभाळून चढ, म्हणाले.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि कुणी दिवे लावले नव्हते. अक्षताच्या खोलीचं दार बंद, आतून तिचं इंग्रजी ऐकू येत होतं. सुखदेव बाहेरच्या खोलीत खिडकीशी पेपर धरून बसला होता, उरल्यासुरल्या उजेडात. बाबासाहेबांच्या तसबिरीखालची घडीची खुर्ची महिनाभर मिटून भिंतीला लावलेली होती. मी ती उघडली, स्वयंपाकघराच्या दारात तिच्या जुन्या जागी मांडली आणि बसले. आत जाऊन चहा टाकावा एवढंही त्राण नव्हतं. तिथून दोन्ही बाजू दिसत होत्या, एकीकडे माझा ओटा, एकीकडे त्याची पाठ. भाऊजी बघत होते ते हे. मला वाटलं, आता उठून समोर जावं, त्याच्या हातातला पेपर खाली करावा आणि विचारावं. पण काय विचारणार? सुखदेवनं पान उलटलं. मान वर न करता, डोळ्याच्या कडेला खुर्चीत कुणीतरी बसलंय एवढ्या जाणिवेवर, अगदी सवयीच्या आवाजात तो बोलला.

"दादा, तिला विचार, एवढा वेळ कुठे होती."

भाऊजी इथे नाहीत याची त्याला आठवण राहिली नव्हती, एवढंच. पण त्या क्षणी त्या जागेवर मी होते, आणि त्या जागेचं काम काय ते मला नुकतंच समजलं होतं. मी भाऊजींसारखंच, हळू, म्हटलं, "ती म्हणते, उशीर झाला. तुला काळजी वाटली का, विचारते."

पेपर स्थिर राहिला. माझा आवाज त्यानं ओळखला की नाही, मला आजही सांगता येणार नाही. ओळखला असेलच. त्यानं मान वळवली नाही.

"काळजी कसली," सुखदेव म्हणाला. "नव्हती तर शांत होतं."

मधे कुणी नव्हतं. वाक्य आलं तसंच पोचलं.